बिल्ला नंबर एकेचाळीस

बांगडो हे नाव त्याच्या पाठीवरून पडलं.
काळ्या वाकड्या रेघा, ताज्या बांगड्याला असतात तशा,
पाण्यातून काढल्यावर पहिल्या घटकेला.
मी ठेवलेलं नाही. बर्फवाल्यानं सहज हाक मारली,
कुत्र्यानं कान टवकारले, झालं.

बुधवारी मी पाटी घेऊन बाजारात बसले
आणि तो नव्हता.
माझ्या पाठीमागे, कोयत्याच्या टप्प्याबाहेर,
मुंडक्यांची वाट बघत बसायची त्याची जागा
नुसती ओली होती.
कोळंबीवाली दुर्गी म्हणाली,
"गाडी इलली. निळी. जाळ्यात घातल्यानी.
तुका फोन केलंय, तू उचललंस नाय."
फोन पिशवीत होता, पिशवी सुरमईखाली.

कोंडवाडा जुनाच.
दारावर गुरांच्या दंडाचा फळा अजून आहे:
म्हैस, बैल, वासरू.
खाली खडूनं नवीन: कुत्रा, पाचशे.

परुळेकर क्लार्कनी फॉर्म सरकवला.
मालकाचं नाव.
(तीन घरी जेवतो. माझ्याकडे फक्त पावसात झोपतो.)
मी लिहिलं, शेवंती आत्माराम तांडेल.
पुढे जात. लिहिलं, गाबीत.
ते हसलेसुद्धा नाहीत. "कुत्र्याची, बाई."

परवाना?
तुमचं घर पंचायतीत, तिकडून आणा.
पंचायत म्हणते, आम्ही म्हशीचासुद्धा देत नाही.
घर एका हद्दीत, बाजार दुसऱ्या.
मधला साकव ओलांडताना
तो रोज तंगडी वर करतो,
हद्दीची तेवढीच नोंद.

मग मी ओरडले. आतून पास्कू फर्नांडिस आला, जाळंवाला,
माझ्या भावाच्या वर्गातला.
"माजो कुत्रो चावणारो नाय!"
पास्कूनं बाही कोपरापर्यंत वर केली.
मनगटापासून वर, जुनी-नवी, दातांची गोंदणं.
"सगळे असाच सांगतत, शेवंते."

तेव्हा परुळेकरांनी फाईल उघडली.
विषय: मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त होणेबाबत.
खाली मासळी बाजारातल्या सतरा जणींच्या सह्या.
तिसरी माझी.
शिमग्याच्या आधीची, त्या पिवळ्या कुत्रीनं
माझी दोन पापलेटं ओढून नेली त्या दिवसाची.
सही करताना बांगडो माझ्या पायावर हनुवटी टेकून होता.
मोकाट म्हणजे पट्टा नसलेला,
हे मला कुणी सांगायला हवं होतं का?
मी समजले होते, मोकाट म्हणजे दुसऱ्याचा.

शनिवारी सोडला.
पाचशेची पावती, वर एक पितळी बिल्ला.
डाव्या कानाचं टोक कापलेलं, पोटावर टाके.
माझ्याकडे यायच्या आधी तो वळला
आणि पास्कूचा हात चाटून आला.
चार दिवस त्यानंच भाकरी घातली असणार.

मागच्या पिंजऱ्यात पिवळी होती.
उभी राहिली. बहुतेक तिनं मला ओळखलं.
तिचा फॉर्म कुणी मागितला नव्हता,
मीही मागितला नाही.
पिशवीत एकशे चाळीस रुपये उरले होते.
पण कारण तेवढंच नव्हतं.

आता रात्री बिल्ला वाजतो.
आधी तो कुठं जातो ठाऊक नसायचं, झोप लागायची.
आता कळतं. विहीर.
बर्फवाल्याचं दार, तिथं जरा रेंगाळतो.
सुरूचं बन, वाऱ्यात बिल्ला अर्धाच ऐकू येतो.
मग साकव.
साकवावर आवाज थांबतो.
मी उशीवरून डोकं उचलते.
पलीकडे नगरपरिषद.
किती वेळ लागतो एका कुत्र्याला
एक तंगडी वर करून खाली ठेवायला?